लोकर नसलेली लोकर

“शेठजी, लोकर नसलेली लोकर मिळेल का?”

दिवाळी नुकतीच सरली होती. गावोगावी मंडयांच्या जत्रा भरत होत्या आणि गोंदियाच्या बाजारात घनश्यामशेठच्या दुकानात बायकांची लोकरीवर झुंबड उडाली होती. त्या गलक्यात हा प्रश्न आला तसं सगळं दुकान हसलं. योगेश्वरी सगळ्यांत शेवटी हसली, पण तिचं हसू लवकर थांबेना.

विचारणारा उंच, सावळा, जरा अवघडलेला तरुण होता. एकावर एक असे दोन शर्ट घातलेले, गळ्याशी दोन कॉलर. तो वळला तेव्हा त्याच्या छातीशी काहीतरी खडखडलं.

“हसा, हसा,” तो म्हणाला. “तुमच्या अंगाले चावत नाही ना, म्हणून हसून राहिले.”

“बिना ऊन का ऊन?” घनश्यामशेठनी चष्मा कपाळावर सरकवला. “भैया, कल को बोलोगे, बिना चावल का भात दो!”

योगेश्वरीला राहवलं नाही. “अॅक्रिलिकची घ्या ना. ती कुठं मेंढीची असते?”

“तिनं घाम येते, अन् घामानं आग होते. मेंढीची चावते, कोशाचं रेशीमही चावते. डॉक्टर म्हणतात, जनावराचं नको, प्लास्टिकचं नको, झाडाचं घाल. आता झाडाले कुठं लोकर येते?”

“कापूस झाडालाच येतो.”

“आईनं विणलं होतं सुताचं स्वेटर. एकदा धुतलं अन् बाजेची नवार झाली त्याची.”

पुन्हा हशा पिकला. घनश्यामशेठ मात्र विचारात पडले. मग स्टुलावर चढून त्यांनी अगदी वरच्या फळीवरून एक धुळकट पुडकं काढलं. आत धानाच्या पऱ्ह्यांसारख्या, नुकत्या उगवलेल्या रोपांसारख्या कोवळ्या हिरव्या रंगाच्या लडी होत्या.

“कंपनीवाला रखके गया था. कोई लेता नहीं. बांस का धागा है. बांस की लुगदी बनाते हैं, दवाई में घोलते हैं, फिर बारीक छेद से निकालते हैं, जैसे घर में सेवई निकालते हैं ना, वैसे. आधा पेड़ का, आधा कारखाने का.”

“बांबूचा?” तरुणाने भुवया उंचावल्या. “शेठजी, मी अर्जुनी मोरगावच्या बांबू डेपोत नोकरी करतो. बांबूचं सूप पाहिलं, टोपली पाहिली, तट्टे पाहिले. लोकर नाही पाहिली.”

“डेपोतल्या बाबूले सगळंच दिसते का?” योगेश्वरी म्हणाली आणि आपल्याच धिटाईने गोरीमोरी झाली. गडबड लपवायला तिने एक लडी उचलून गालाला लावली. विणणाऱ्या बाईची ती सवयच असते. धागा साईसारखा मऊ होता... आणि थंड. माठाला गाल लावावा तसा थंड. खरं तर तिथेच तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण तिचं लक्ष धाग्यावर होतंच कुठे?

त्याने धाग्याचा एक तुकडा मनगटाला गुंडाळला. “आता थांबावं लागते. चावायचं असलं तर लाल होते.”

मग दोघं दुकानाच्या बाकावर बसून राहिले. परक्या पुरुषाच्या मनगटाकडे असं टक लावून बघत बसायची वेळ आपल्यावर येईल, असं योगेश्वरीला सकाळी कोणी सांगितलं असतं तर तिने कानावर हात ठेवले असते. नजर मनगटावर, तिथून चुकून वर... आणि तो आपल्याकडेच बघतोय असं दिसलं की पुन्हा मनगटावर.

“झालं! लाल झालं इथं,” ती एकदम घाबरून म्हणाली.

“तो तीळ आहे.”

बाकी मनगट साफ होतं. त्याने सुटकेचा श्वास सोडला, छातीशी पुन्हा खडखड झाली. मोटरसायकलवर वारा लागू नये म्हणून तो शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालत असे, हे त्याने तेव्हा लाजत लाजत सांगितलं. आणि नावही सांगितलं, दुर्गेश हरिणखेडे.

“अब बुनवाओ भी इसी से,” घनश्यामशेठ म्हणाले. “सौंदड की योगेश्वरी. इसका हाथ नहीं, मशीन है. और बेटी, एक बात याद रखना. भीगा तो ये धागा कमज़ोर. निचोड़ना मत, और लटकाना तो बिलकुल मत.”

घरी जाताना गाडीत पुडकं मांडीवर घेऊन बसलेल्या योगेश्वरीला एकच घोर लागला होता. असला धागा तिने जन्मात विणला नव्हता. बिघडलं तर?

तिला काळजीची तशी सवयच होती. टाके मोजून झाले की पुन्हा मोजायची, कुलूप लावून झालं की ओढून बघायची. पण ही काळजी जरा वेगळी होती. हिच्यात मधूनच हसू यायचं.

धागा मोठा लबाड निघाला. स्टीलच्या सुईवर टाका ठरेना. एक उचलावा तर दुसरा घसरे, आणि घसरला की चार ओळी खाली जाऊन बसे. दर रविवारी दुर्गेश पॅसेंजरने गोंदियाला जायचा. गाडी सौंदडला थांबली की तो फलाटावर उतरायचा. पहिल्या वेळी मापाला शर्ट द्यायला. दुसऱ्या वेळी शर्ट पोचला का ते विचारायला.

“तुमच्याच हातानं दिला ना शर्ट, मागच्या रविवारी?” ती म्हणाली.

“हो, पण... पोचला ना नीट?”

तिने ओठ दाबून हसू आवरलं. “स्वेटरचं विचारा. टाका सुईवर राहतच नाही. पाहावं तवा पळून राहिला.”

“मी तर दर आठवड्याले येऊन राहिलो.”

“मी धाग्याचं बोलून राहिली.”

“मीही धाग्याचंच,” तो म्हणाला आणि धावत गाडीत चढला.

पुढच्या रविवारी त्याने खिडकीतूनच एक लांबुळकी गुंडाळी तिच्या हातात दिली. आत बांबूच्या दोन सुया होत्या. काचेच्या तुकड्याने घासून घासून इतक्या गुळगुळीत केलेल्या, की बोट फिरवलं तरी कुसळ लागू नये.

“सरकारी बांबू?” तिने डोळे मोठे केले.

“घरच्या बेटातला! चोर दिसतो का मी?”

त्या सुयांवर धागा शहाण्या लेकरासारखा बसला. स्वेटर झालं. त्याने ते फलाटावरच अंगात घातलं. चहावाल्याने, हमालाने, सगळ्यांनी मान डोलावली. योगेश्वरीला वाटलं, सुटले एकदाची.

कसलं सुटणं! पुढच्या रविवारी स्वेटर कमरेखाली उतरलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी मांडीवर. जड धागा, आपल्याच भाराने खाली ओघळत होता.

“अवो माय... हे काय झालं?” तिचा चेहरा उतरला.

“पऱ्ह्यांच्या रंगाचं विणलं, मग वाढणारच ना,” तो म्हणाला. “पोळ्यापर्यंत लोंबीही येईन.”

तिला हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते दिसू नये म्हणून ती वळली आणि हातातला लोकरीचा गुंडा फलाटावर घरंगळला. तो उचलायला दुर्गेश वाकला... आणि खडखड झाली.

ती सावकाश वळली. “आत पेपर आहे?”

“जुनी सवय आहे.”

“खरं सांगा. स्वेटरनं ऊब येते?”

“येते.” त्याने श्वास घेतला तशी पुन्हा खडखड. “म्हणजे... थोडी कमी येते.”

“किती कमी?”

तो रुळांकडे बघत राहिला. “अजिबात येत नाही. थंड पाण्यात उभं राहिल्यासारखं वाटते.”

“मग घालता कायले?”

सिग्नल पडला होता. गार्डने शिट्टी दिली. दर वेळी धावत गाडी पकडणारा दुर्गेश जागचा हलला नाही.

“तू विणलं म्हणून,” तो म्हणाला.

गाडी गेली. फलाट रिकामा झाला. इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ त्या गाडीबरोबर निघून गेलं होतं, आणि मागे ‘तू’ उरलं होतं.

“पण एक गोष्ट तुले माहीत असली पाहिजे,” तो बाकावर बसत म्हणाला. “नंतर कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. माझं एक साक्षगंध मोडलं आहे.”

तिरोड्याकडची मुलगी होती. साखरपुड्याच्या मांडवात मुलीकडच्यांनी मानाची शाल त्याच्या खांद्यावर टाकली, चांगली जाड लोकरीची. चारचौघांत काढून कशी ठेवायची, म्हणून तो गप्प बसला. बघता बघता मानेवर लाल गांधी उठल्या, त्या कानापर्यंत चढल्या. कोणीतरी ओरडलं, पोराला कातडीचा रोग आहे, लपवून ठेवला. वाढलेली पानं तशीच राहिली. त्याची आई रामबाई भर रस्त्यात रडत परत आली होती.

“तेव्हापासून आई लग्नाचं नावच घेऊ देत नाही. तू... विचार कर. मी रागावणार नाही.”

योगेश्वरीने ती कुजबुज ऐकलेली होती. मोरगावकडचा एक मुलगा, अंगावर काहीतरी आहे म्हणे. तो मुलगा हाच, हे मात्र तिला आत्ता कळत होतं. ती गुंड्यावरची धूळ झटकत राहिली.

“विचार दुकानातच झाला होता,” ती म्हणाली. “तीळ पाहिला, तेव्हा.”

तिच्या बाबूजींनी, जीवनलालनी, चौकशी केली. घराणं आपल्यासारखंच पोवाराचं, कूळ वेगळं, नोकरी सरकारी. ते तयार झाले. आई सुमित्राबाईही तयार झाली. अडलं ते आमगावच्या चैतराममामांपाशी. घरात कोणतंही शुभकार्य मामांच्या शब्दाशिवाय होत नसे, आणि मामांच्या कानावर तिरोड्याची हकिगत आधीच गेलेली होती.

“अजी, त्याले नुसती लोकर चावते,” जीवनलाल म्हणाले.

“लोकर चावते?” मामांनी मिशीवरून हात फिरवला. “जीवनलालजी, मेंढी जन्मभर अंगावर घेऊन फिरते, तिले नाही चावत. माणसाले कायले चावन? रोग लपवायचा असला की लोक काही ना काही नाव देतेत.”

“पण मामाजी—” योगेश्वरी दारामागून बोलली.

“तू चूप राय. साक्षगंध ठरवा. शाल मी टाकीन, माझ्या हातानं, अन् समोर बसून पाहीन. मान साफ राहिली तर पोरगी त्याची. नाही तर पाहुण्यांनी जेवावं अन् घरी जावं.”

सुमित्राबाईने मग धीर करून शब्द टाकला. “दादा, पोरीनं आपल्या हातची एक शाल द्यावी असं मनात आहे माझ्या. ती आधी टाकू का?”

“टाका ना. दहा टाका. त्याच्यावर माझी.”

एवढी फट पुरेशी होती. आपली शाल खाली, मामांची वर. लोकर कातडीला लागलीच नाही तर? योगेश्वरीने त्याच दिवशी सुया काढल्या. पण घनश्यामशेठकडे बांबूचा धागा संपला होता, कंपनीवाला पुन्हा फिरकला नव्हता. उरलेल्या लडींत रुमालही झाला नसता.

रविवारी फलाटावर तिने हे सांगितलं, तेव्हा दुर्गेशने ते गुडघ्यापर्यंत आलेलं स्वेटर अंगातून काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

“उसव.”

“थंडीत काय घालाल?”

“आजचा पेपर जाड आहे. रविवारची पुरवणी आहे.”

स्वेटर उसवताना तिचा जीव तुटत होता. धागा पुन्हा गुंड्यावर आला, पुन्हा सुयांवर चढला. पण शेवटची ओळ घालून झाली आणि तिने ती अंगाला लावून पाहिली. शाल आखूडच होती. खांदे झाकले जात होते. मान मात्र उघडी. नेमकी मान.

तिने ती आरशासमोर स्वतःवर पांघरून बघितली, तिरपी धरून बघितली, दुमडून बघितली. गळ्यापाशी आणली की खांदा उघडा पडे, खांद्यावर घेतली की गळा. माघ लागला होता, साक्षगंध दाराशी आलं होतं, आणि आता धागा म्हणून वीतभर उरला नव्हता.

त्यातच आभाळ आलं. माघातला तो किरकिरा पाऊस, धड पडत नाही आणि धड थांबत नाही. हातांचा मळ लागला होता म्हणून योगेश्वरीने शाल हलक्या हाताने पाण्यातून काढली, जुन्या लुगड्यावर पसरून ठेवली आणि हळदीचं सामान आणायला शेजारी गेली.

परत आली आणि उंबऱ्यातच थिजली.

ओसरीतल्या बांबूच्या दांडीवर शाल टांगलेली होती. पाण्याच्या भाराने लांब... लांब होत तिचं टोक जमिनीला टेकलं होतं. मधल्या टाक्यांना भोकं पडल्यागत झालं होतं.

“आई! कोणी टांगली ही?”

“मी तं मदत केली बाई,” सुमित्राबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “पाण्यानं निथळून राहिली होती, म्हटलं पिळून वाळत घालावी. काऊन? आपल्या सगळ्या लोकरी अशाच तं वाळवतो.”

“पिळली?”

“जराशी.”

योगेश्वरी खाली बसली. ती रडली, अगदी हमसून रडली. सुमित्राबाईला वाटलं, एवढं रडण्यासारखं काय झालं? मग लेकीचा चेहरा बघून तीही घाबरली. पुसायला काही हाताशी नव्हतं, म्हणून योगेश्वरीने दांडीवरची तीच ओली शाल ओढली, डोळ्यांना लावली, गळ्याभोवती घेतली. एक वेढा बसला. टोक अजून लोंबतच होतं. दुसरा वेढा बसला, कानाच्या पाळीपर्यंत. उरलेलं खांद्यावरून थेट मनगटावर आलं.

तिचं रडणं अर्ध्यावर थांबलं.

“आई,” ती म्हणाली, “अजून जराशी टांगून ठेव.”

तरी झोप कुठली लागायला! ताणलेले टाके तिने एकेक करून मागून पक्के केले, पण ओला झालेला धागा किती दिवस धीर धरेल, कोण सांगणार? मांडवात एखादा टाका सुटला आणि सगळी शालच उसवत गेली तर?

साक्षगंधाच्या सकाळी अंगण माणसांनी भरलं. रामबाई एका कोपऱ्यात पदर घट्ट ओढून बसली होती, देवळात नवस फेडायला आलेल्या बाईसारखी. सुमित्राबाईने हिरवी शाल उचलली, दुर्गेशच्या गळ्याभोवती एक वेढा, दुसरा वेढा, मग दोन्ही खांदे, मग दोन्ही हात.

“अवो, जवाई आहे का बुजगावणं?” कोणीतरी म्हणालं. बायका खिदळल्या.

मग मामा उठले. आपली शाल त्यांनी सकाळपासून कोणाच्या हाती दिली नव्हती. उघड्या हातावर घडी घालून मिरवत होते. जाड, तपकिरी, खास मागवलेली. ती त्यांनी दुर्गेशच्या खांद्यावर टाकली, दोन्ही बाजूंनी दाबली आणि समोर खुर्ची ओढून बसले.

योगेश्वरीला भटजींचे शब्द ऐकू येत नव्हते. तिला फक्त हिरव्या काठावर दिसणारी ती बोटभर मान दिसत होती. दुकानातल्या बाकावर बसून बघत होती तशीच ती बघत होती. लाल होतंय का? ते काय... नाही, सावली आहे. एकदा दुर्गेशने नजर वर केली आणि अगदी हळूच मनगट तिच्याकडे फिरवलं. तीळ. नुसता तीळ.

मामा उठले. शालीची कडा वर करून त्यांनी मान निरखली. मग दुसरी बाजू. मग चष्मा पुसून पुन्हा.

आणि तेवढ्यात मागून योगेश्वरीची मामी ठसक्यात म्हणाली, “अजी, जवायाचं काय पाहून राहिले? तुम्हीच केव्हाचे खाजवून राहिले!”

मामांचा हात थबकला. सकाळपासून ज्या हातावर शाल मिरवली, तो हात कोपरापर्यंत लालसर झाला होता.

“नवी आहे,” मामा ओशाळून म्हणाले. “नवी आहे म्हणून जरा... चावते.”

मांडव खदखदला. हसला नाही तो दुर्गेश. त्याने गळ्याचे हिरवे वेढे सोडवले आणि उघडं मनगट पुढे केलं.

“मामाजी, तुम्हाले जरा चावली. मले जास्त चावते, लाल गांधी उठतात. रोग नाही, पण लपवायचंही नाही. सगळ्यांच्या समोर ठेवा शाल या हातावर. काय होते ते पाहा, अन् मग ठरवा.”

कोपऱ्यात रामबाईने डोळे मिटून घेतले. मामांनी तपकिरी शाल हातात घेतली... तिच्याकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, त्या पुढे केलेल्या मनगटाकडे पाहिलं. मग घडी करून मामीच्या मांडीवर टाकली.

“राहू दे,” ते म्हणाले. “मेंढीलेच शोभते ते.” आणि हिरव्या शालीचं टोक बोटांत घेऊन त्यांनी चोळून पाहिलं. “ही कायची आहे?”

“बांबूची, मामाजी,” योगेश्वरी म्हणाली.

“म्हाताऱ्याची चेष्टा करून राहिली का?”

दुर्गेश त्यांच्या पाया पडायला वाकला. मांडव आता शांत होता, त्यामुळे सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं... खडखड.

“हे काय वाजलं?” मामा दचकले.

योगेश्वरीने पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर फुटलंच. इतक्या दिवसांची काळजी त्या हसण्यात सांडून जात होती, आणि म्हाताऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, अवो, नवरी हसून राहिली, नवरी!

“पेपर आहे, मामाजी,” दुर्गेश वाकल्या वाकल्याच म्हणाला. “हिनं विणलेलं घातलं की आत पेपर लागतेच. ऊब म्हणून येत नाही.”

“मग घालतोस कायले?”

हा प्रश्न सौंदडच्या फलाटावर एकदा विचारून झाला होता. दुर्गेशने फक्त मान वळवून योगेश्वरीकडे पाहिलं, आणि मांडवातल्या सगळ्यांना उत्तर ऐकू आलं.